खाऱ्या हवेतला घरगुती अ‍ॅम्प्लिफायर: बांधायचा कसा आणि त्यातलं काय किती टिकतं

किनारपट्टीवर अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला की "आयसी गेला", म्हणजे आवाज वाढवणारी मुख्य चिप गेली, हा निकाल आधी लागतो. उघडून बघितलं तर आयसी बहुधा ठणठणीत असतो. गेलेलं असतं ते किरकोळ काहीतरी: व्हॉल्यूमच्या पॉटची (आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या रेझिस्टरची) पट्टी, फ्यूज होल्डरची गंजलेली पत्री, फुगलेला फिल्टर कपॅसिटर, नाहीतर इनपुट सॉकेटच्या मागे धरलेला हिरवा थर. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत हीच तऱ्हा. म्हणून अ‍ॅम्प बांधतानाच ठरवून ठेवायला हवं की यातलं लवकर काय जाणार आहे, आणि ते बदलायला पाच मिनिटांत हाताशी कसं येईल.

इथे दोन चॅनलचा, प्रत्येकी साधारण १० वॅटचा अ‍ॅम्प बांधू. घरातली गाणी, ओटीवरचं भजन, गणपतीतली आरती यांना तो पुरून उरतो. मांडवासाठी तो नाही.

दहा अंशांचा हिशोब

समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण घरात येतात आणि बोर्डावर बसतात. हवा कोरडी असेपर्यंत ते निरुपद्रवी असतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. मग बोर्डावर खारं पाणी, त्यातून वीज झिरपते, तांबं खाल्लं जातं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता ७५ च्या खाली क्वचितच येते. पावसाळ्यात अ‍ॅम्प जास्त बिघडतात ते याच कारणाने.

आता हेच दुसऱ्या बाजूने बघा. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना तीच हवा पेटीत ३८ अंशांपर्यंत तापली, तर तिथली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे नुसती दहा अंशांची ऊब मिठाला कोरडं ठेवते. पण इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेल्या) कपॅसिटरचा नियम नेमका उलटा आहे. त्याच्या अंगचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून कोकणात अ‍ॅम्प थंडगार ठेवूनही भागत नाही आणि तापू देऊनही भागत नाही. पेटीतली हवा कोमट हवी, आयसीची खरी उष्णता पेटीच्या बाहेर गेली पाहिजे आणि कपॅसिटर तिच्यापासून लांब बसले पाहिजेत. पुढची बरीचशी बांधणी या एका गोष्टीभोवती आहे.

सामान

आयसी टीडीए २०३०ए घ्या, दोन नग. शेवटचं 'ए' अक्षर महत्त्वाचं आहे. साधा २०३० प्लस-मायनस १८ व्होल्टपर्यंतच झेपतो, 'ए' २२ पर्यंत. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२, ३ अँपिअर. दुकानदार "आवाज वाढेल" म्हणून १५-०-१५ पुढे करेल, तो घेऊ नका. गावात रात्री लोड उतरला की व्होल्टेज २५० पर्यंत चढतं, आणि ट्रान्सफॉर्मरवर भार नसताना तो छापील आकड्यापेक्षा दहाएक टक्के जास्त देतो. १५ व्होल्टच्या वाइंडिंगचे अशा वेळी डीसी होताना २४ च्या आसपास जातात. तिथे आयसी मरतो. १२ व्होल्टचं वाइंडिंग त्याच परिस्थितीत १९ वर थांबतं.

आजकाल क्लास डीचे चिमुकले तयार बोर्ड स्वस्तात मिळतात, तापतही नाहीत. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये मी तेच सुचवेन. पण त्यांच्या आयसीचे पाय इतके जवळजवळ असतात की दोन पायांमध्ये खारट ओल धरायला वेळ लागत नाही, आणि बिघडला तर गावातल्या साध्या सोल्डरिंग गनने तो दुरुस्त होत नाही. २०३०ए ला पाच जाड पाय आहेत. गुहागरात काय नि देवगडात काय, रेडिओ दुरुस्त करणारा कोणीही तो बदलून देऊ शकतो.

बाकी सामान: ४ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर, ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे दोन कपॅसिटर, १०५ अंश छापलेलेच. प्रत्येक चॅनलला २२ किलोओहमचे दोन, ६८० ओहमचा एक आणि १ ओहमचा एक रेझिस्टर, १ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कपॅसिटर, २२ मायक्रोफॅरडचा एक आणि १०० मायक्रोफॅरडचे दोन इलेक्ट्रोलिटिक, ०.१ चे दोन आणि ०.२२ चा एक पॉलिस्टर. १एन४००१ डायोडही प्रत्येक चॅनलला दोन. शिवाय १० किलोओहमचा दुहेरी लॉग पॉट, बंद बॉडीचा. अभ्रकाचे तुकडे, प्लॅस्टिकचे बुश, हीटसिंक (आयसीची उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा तुकडा) आणि त्याची पेस्ट. वायर कलई केलेल्या तांब्याची घ्या. उघडं तांबं दोन पावसाळ्यांत इन्सुलेशनच्या आतपर्यंत काळं पडतं आणि मग त्यावर सोल्डर धरतच नाही.

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळला यातलं बरंच मिळतं. नाही मिळालं तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली. कपॅसिटर घेताना हातात तोलून बघा. मोठ्या डब्यात छोटा कपॅसिटर भरलेला नकली माल हलका लागतो. मल्टिमीटरवर कपॅसिटन्सची रेंज असेल तर दुकानातच मोजा. ४७०० च्या जागी ३८०० च्या आत दाखवत असेल तर परत करा.

पॉवर सप्लाय

इथे २३० व्होल्ट आहेत, तेव्हा घाई नको. मेन्सची फेज आधी फ्यूजमधून, मग स्विचमधून, मग ट्रान्सफॉर्मरला. फ्यूज ५०० मिलिअँपिअरचा, स्लो-ब्लो. फ्यूजनंतर फेज आणि न्यूट्रलमध्ये २७५ व्होल्टचा एमओव्ही लावा. मे महिन्यातल्या अवकाळीत आणि परतीच्या पावसात विजा चमकतात तेव्हा लाइनवरून येणारा झटका तो अंगावर घेतो. मात्र प्रत्येक झटक्यागणिक तो स्वतः थोडा झिजतो, त्यामुळे प्लग उपसून ठेवणं हाच खरा उपाय. तीन पिनी प्लगची अर्थ वायर थेट धातूच्या पेटीला, रंग खरवडून, स्क्रूने पक्की. मेन्सच्या प्रत्येक उघड्या जोडावर हीटश्रिंक नळी चढवा. ओल्या भिंतीच्या, शेणाने सारवलेल्या जमिनीच्या घरात अनवाणी माणूस अ‍ॅम्पला हात लावणार आहे, हे ध्यानात ठेवून काम करा.

ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही १२ च्या वायरी ब्रिजच्या एसी पायांना. मधली वायर दोन्ही कपॅसिटरच्या सामाईक जोडाला; तोच आपला शून्य व्होल्ट. प्रत्येक कपॅसिटरला समांतर २.२ किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर टाका, म्हणजे बंद केल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात चार्ज उतरतो आणि पुढे उघडणाऱ्याला ठिणगी बसत नाही.

कपॅसिटर बोर्डावर आडवेतिडवे न चिकटवता कडेला, ब्रिजपासून दोन बोटं दूर आणि हीटसिंकच्या समोरच्या भिंतीला ठेवा. त्यांची अदलाबदल पुढे करावी लागणार आहेच, म्हणून बोर्ड न उचकता पाय सोडवता येतील अशी जागा द्या.

अ‍ॅम्पचा बोर्ड

आयसीचे पाय छापील बाजूने बघताना डावीकडून: १ इनपुट, २ फीडबॅक, ३ मायनस सप्लाय, ४ आउटपुट, ५ प्लस सप्लाय. पॉटच्या मधल्या पायावरून येणारा सिग्नल १ मायक्रोफॅरडच्या पॉलिस्टरमधून पाय १ ला. पाय १ वरून शून्याला २२ किलोओहम. पाय ४ वरून पाय २ ला २२ किलोओहम. पाय २ वरून ६८० ओहम आणि त्याच्या मालिकेत २२ मायक्रोफॅरड, शून्याला. यातून गेन (सिग्नलची वाढ) साधारण ३३ पट मिळतो. मोबाइल किंवा सीडी प्लेअरला तेवढा पुरतो. तो उगाच कमी करायला जाऊ नका. हा आयसी कमी गेनवर अस्थिर होतो, शिट्टी मारतो, नुसताच तापतो.

आउटपुटवरून शून्याला १ ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरड मालिकेत. एक डायोड आउटपुटकडून प्लसकडे, दुसरा मायनसकडून आउटपुटकडे, दोघांचेही पट्टे प्लसच्या दिशेला. पाय ३ आणि ५ वर प्रत्येकी ०.१ आणि १०० मायक्रोफॅरड शून्याला, जमतील तितके पायाजवळ.

ग्राउंड ही मन लावून करायची गोष्ट आहे. स्पीकरचे परतीचे तार, बोर्डाचा पॉवर ग्राउंड आणि इनपुटचा सिग्नल ग्राउंड हे तिन्ही वेगवेगळ्या वायरींनी कपॅसिटरच्या सामाईक जोडाजवळच्या एकाच बिंदूला आणा. साखळीसारखे एकमेकांना जोडलेत की "घूंऽऽ" सुरू होते आणि मग कितीही कपॅसिटर वाढवले तरी ती जात नाही.

सोल्डर ६०/४०, आत रोझिन असलेलं. नळ जोडणाऱ्यांचा आम्लाचा फ्लक्स बोर्डाजवळही आणू नका. तो आपल्या हवेत पाणी ओढत राहतो आणि तांबं खातो. सगळे जोड झाले की जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बोर्ड धुवा. फ्लक्स जातो, बोटांच्या घामाचं मीठही जातं. लॅकरचा स्प्रे मात्र आत्ता नको, चाचणी झाल्यावर.

हीटसिंक

८ ओहमच्या स्पीकरवर, १६ व्होल्टच्या सप्लायला, एका आयसीला जास्तीत जास्त साडेसहा वॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. दोघांची तेरा. हीटसिंक २ अंश प्रति वॅटचा असेल तर तो हवेपेक्षा २६ अंश वर जाईल. मे महिन्यातल्या ३५ अंशांत म्हणजे ६१. आयसीच्या आतला सिलिकॉन त्याहून पंचवीसएक अंश वर, ८५-९० ला. संगीत सतत पूर्ण जोरात नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात यापेक्षा कमीच. एवढं अगदी आरामाचं आहे. ४ ओहमचा स्पीकर लावलात तर उष्णता दुप्पट होते, तेव्हा ८ चाच ठेवा.

हीटसिंक पेटीच्या मागे, बाहेरच्या अंगाला, पाती उभी. आडव्या पात्यांत गरम हवा अडकते. आयसीची धातूची पाठ मायनस सप्लायला जोडलेली असते, म्हणून अभ्रक आणि बुश हवेतच. पेस्ट पातळ, दोन्ही बाजूंना. स्क्रू आवळल्यावर मल्टिमीटरने पाठ आणि हीटसिंक यांच्यात तपासा. काहीही जोड दिसता कामा नये. स्क्रू स्टेनलेसचे, आटे ग्रीसमध्ये बुडवून. साधा लोखंडी स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये बसवला की खाऱ्या हवेत त्याच्याभोवती पांढरी भुकटी धरते, पकड सैल होते आणि आयसी तापू लागतो.

पहिल्यांदा चालू करताना

सिरीज बोर्ड वापरा: ६० वॅटचा जुना पिवळा फिलॅमेंटचा बल्ब मेन्सच्या मालिकेत. एलईडी चालणार नाही. आधी फक्त सप्लाय, अ‍ॅम्पचे बोर्ड न जोडता. बल्ब क्षणभर उजळून मंद व्हायला हवा. दोन्ही बाजूंना १६ ते १९ व्होल्ट आणि दोन्ही जवळजवळ सारखे दिसले पाहिजेत. बल्ब उजळलेलाच राहिला तर ताबडतोब बंद करा; डायोड किंवा कपॅसिटर उलटा आहे.

मग एकेक बोर्ड जोडा, स्पीकरशिवाय. आउटपुट आणि शून्य यांच्यात डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. व्होल्टमध्ये काही दिसलं तर स्पीकर लावू नका, त्याची कॉइल जळेल. पाय २ कडचा जोड सुटलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. इथून पुढे कायमची काळजी म्हणून स्पीकर प्रोटेक्शनचा रिलेवाला तयार बोर्ड मध्ये टाकावा. दोनेक सेकंद थांबून तो स्पीकर जोडतो आणि आउटपुटला डीसी आला तर तोडतो.

सगळं ठीक चाललं की बोर्ड पुन्हा धुऊन, उन्हात कडक वाळवून, अ‍ॅक्रिलिक लॅकरचे दोन पातळ हात मारा. पॉट, सॉकेट, रिले आणि आयसीची पाठ कागदी टेपने झाकून.

पेटी

पंखा लावू नका, हे मी आग्रहाने सांगतो. पंखा खारी हवा ओढून थेट बोर्डावर मारतो. उष्णता बाहेरच्या हीटसिंकवरून जातेच आहे. पेटीला खाली आणि वर थोडी बारीक भोकं पुरेत, आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवून. जाळी हवीच, कारण कुंभारीण. ही कंबर बारीक असलेली माशी ओली माती आणून सापडेल त्या भोकात घर बांधते. हीटसिंकच्या दोन पात्यांच्या मध्ये अंगठ्याएवढं मातीचं घर वाळून दगड झालेलं मी अनेकदा काढलं आहे. तिथली हवा खेळायची थांबते आणि माती ओल धरून राहते. मुंग्याही ऊब शोधत ट्रान्सफॉर्मरखाली येतात, पाली अंडी घालतात. पेटी अ‍ॅल्युमिनियमची उत्तम. लाकडीच हवी तर मरीन प्लाय, वाळवीचा विचार करून, आणि मागची पाटी धातूची.

काय किती टिकतं

आयसी, रेझिस्टर, पॉलिस्टर कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर हे झिजणारे भाग नाहीत. मर्यादेत चालवले तर दशकं जातात. इनपुटला इलेक्ट्रोलिटिकऐवजी पॉलिस्टर सांगितला तो याचसाठी.

इलेक्ट्रोलिटिकचा हिशोब मांडता येतो. "८५ अंश, २००० तास" छापलेला कपॅसिटर ५५ अंशांना ठेवला तर तीस अंशांचा फरक, म्हणजे तीनदा दुप्पट: १६,००० तास. रोज चार तास वाजवलात तर अकरा वर्षं. तोच हीटसिंकला चिकटून ७५ अंशांना बसला तर ४,००० तास, तीन वर्षांच्या आत खलास. १०५ अंशांचा असेल तर ५५ ला ६४,००० तास येतात, पण तो आकडा कागदावरचाच. त्याच्या रबरी बुचातून आतलं द्रव हळूहळू उडत राहतं, आणि पंधराएक वर्षांपुढे भरवसा धरू नये. दर दोन-तीन वर्षांनी मोजा. छापील आकड्यापेक्षा वीस टक्क्यांनी खाली आला, डोकं फुगलं, किंवा गाणं थांबवल्यावर पूर्वी नव्हती अशी घरघर ऐकू आली, की दोन्ही एकदम बदला.

पॉटची कार्बनची पट्टी साधारण दहा ते पंधरा हजार फेऱ्यांची असते. पण आपल्याकडे फेऱ्या भरण्याआधी खरखर येते. भजनाला बसलेले बुवा "आवाज फाटता हा" म्हणतात तेव्हा बहुधा हाच दोषी. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पंधरा-वीसदा फिरवला की एक-दोन मोसम निघतात, पुढे नवीन घाला. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका, त्यात धूळ आणि मीठ चिकटून बसतं. रिलेचे संपर्क लाखभर उघडझापीला काढलेले असतात. तेवढे घरात कधीच होत नाहीत. ते काळे पडून जातात. एका बाजूचा आवाज हळू गाण्यात गायब आणि जोरात परत येत असेल तर रिले बदला. सॉकेट, फ्यूज होल्डर, स्विच आणि स्पीकरचे स्क्रू दर पावसाळ्याआधी पुसून घ्या, आणि स्पीकरच्या स्क्रूंवर व्हॅसलिनचा बोट फिरवा. हीटसिंक पेस्ट पाच-सहा वर्षांनी सुकून पावडर झालेली दिसली तर नवी लावा.

स्पीकर घेताना कडेचा गोल फोमचा नको. दमट हवेत फोम चिकट होऊन चुरतो. रबराचा किंवा कापडाचा घ्या.

बंद घरातला अ‍ॅम्प

रोज वापरातल्या अ‍ॅम्पला पावसात तासभर नुसता चालू ठेवणं हेच औषध. काही न वाजवताही दोन आयसी मिळून साडेतीन-चार वॅट उष्णता देतात, त्यात ट्रान्सफॉर्मरची भर, आणि पेटी कोमट राहते.

खरी अडचण चाकरमान्यांच्या घरांची. दापोली-राजापूरकडे कितीतरी घरं मे महिन्यात उघडतात, मग थेट गणपतीत. मधले महिने अ‍ॅम्प बंद, थंड, ओला. चतुर्थीच्या आदल्या रात्री घर उघडायचं, प्लग लावायचा, बटण दाबायचं, आणि फट्. असं करू नका. आल्या आल्या प्लग न लावता झाकण काढा. ऊन असेल तर दोन तास उन्हात, नसेल तर जवळ ६० वॅटचा बल्ब रात्रभर पेटता ठेवा, हातभर अंतरावर. मुंग्या, माती, जाळी झटकून काढा. फ्यूज काढून पुसून परत बसवा. मग सिरीज बल्बवर अर्धा तास, स्पीकर न लावता. बराच काळ पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिकच्या आतला ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो. या अर्ध्या तासात तो बऱ्यापैकी सावरतो. दोन्ही सप्लाय सारखे आणि आउटपुटला डीसी नाही, एवढं बघून मगच थेट मेन्सवर घ्या.

जाताना अ‍ॅम्प पॉलिथिनमध्ये गुंडाळून ठेवू नका, आतली ओल आतच राहते. सुती कापड टाका, जमिनीपासून उंच, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा आणि प्लग उपसून जा. झाकणाच्या आतल्या बाजूला एका कागदावर बांधणीची तारीख, दोन्ही सप्लायचे व्होल्ट, आउटपुटचा डीसी आणि कपॅसिटर बदलल्याचं वर्ष लिहून चिकटवा, वरून लॅकरचा हात मारून. जोडीला त्याच मापाचे दोन फ्यूज, एक पॉट आणि एक रिले बंद पुडीत. पुढच्या खेपेला उघडणारा कोणीही असो, कुठलं माप बदललंय ते त्याला लगेच कळेल.